रबरी बूच

आईचा अंगारा पेनिसिलिनच्या बाटलीत असायचा.
गुरुवारी दत्ताच्या देवळातून आणलेला, चाळलेला,
वर रबरी बूच, सुयांनी चाळण झालेलं.
डॉक्टर सक्सेना हसायचे.
ती म्हणायची, बाटली वीस मिनिटं उकळलीय, सर.
देवाचं मी सांगत नाही, बाटलीचं सांगते.

कंपूवरचं मोठं अस्पताल. आधी हाडांचा वॉर्ड, मग जळितांचा,
मग अठरा वर्षं मुलांचा.
भिंड-मुरैनाकडची माणसं तिला मोइते सिस्टर म्हणायची,
मोहिते म्हणा असं तिनं कधी सांगितलं नाही.
मिल बंद पडल्यावर बाबा ओसरीवर
सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत वाचत.
घर तिच्या पांढऱ्या बुटांवर चालायचं.
रविवारी ती ते खडूनं रंगवून
तुळशीच्या कट्ट्यावर वाळत ठेवायची.
तुळशीपाशी पायताण? करकरे काकू विचारत.
दोघांनाही ऊन लागतं, ती म्हणे.

नाडी धरली की तिचे ओठ हलत.
आकडे की नाम, एकदा विचारलं.
नाडी नीट असेल तर नाम, म्हणाली.
नसेल तर आकडे.

मी सातवीत होते. ग्वाल्हेरच्या पौषातली थंडी,
धुक्यात किल्ला चार दिवस दिसला नव्हता.
मला टायफॉइड, ताप एकशे चार.
तिनं माझ्या कपाळाला बोट टेकवलं,
छातीवर घड्याळ उलटं टाचलं
आणि सायकल काढली.
वॉर्डात घटसर्पाचं पोर होतं, गळ्यात नळी,
रात्रभर ती नळी साफ ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं,
असं ती म्हणाली. बाबांना म्हणाली. मला नाही.

मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, बाबांचे थरथरते हात,
दाराच्या फटीतून आत येणारं धुकं.
सकाळी ती आली.
आधी हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत, सावकाश.
मग मला जवळ घेतलं.
ते हात धुणं मी तिला वीस वर्षं माफ केलं नाही.

तेव्हापासून दर संक्रांतीला मुरैनाहून गजकचा डबा.
आधी त्या पोराचा बाप आणायचा, मग पोर स्वतः,
मफलरखाली गळ्यावर रुपयाएवढा व्रण.
मी खायची नाही. बाबा खायचे.
ती एक तुकडा तसबिरीपुढं ठेवायची
आणि एक माझ्या ताटात,
काही न बोलता, दरवर्षी.

श्रावणात गेली.
शेवटच्या आठवड्यात स्वतःचं मनगट स्वतःच धरून पडलेली असायची.
ओठ हलत होते.
मी विचारलं नाही.

या जानेवारीत तो आला, कानशिलाशी पिकलेला.
चपला काढून म्हणाला, अम्मा हैं?
मी सांगितलं.
डबा हातात घेऊन तो उभाच राहिला,
आता हा कुणाला द्यायचा ते न कळल्यासारखा.
मग म्हणाला, मुलीला ताप आहे, तीन दिवस झाले.
थोडी भभूत मिळेल का?

मी देव मानत नाही.
त्याला ते सांगायची काही गरज नव्हती.
कपाटात, तिच्या बंद पडलेल्या घड्याळाशेजारी, बाटली होती,
तळाशी चिमूटभर राख.
बूच निघेना. दातांनी ओढलं.
पुडी बांधता बांधता माझ्याच तोंडून आलं,
तिच्या ड्यूटीवरच्या आवाजात,
डॉक्टरला दाखवलंत? आधी औषध. मग हे.

तो मान हलवत गेला. पुडी वरच्या खिशात, जपून.

डबा ओट्यावर आहे.
उघडीन.
आधी हात धुते.